ओव्हरड्राइव्ह पेडल घेतलं, पण त्यासाठी तीन शनिवार गेले

ब्लूज ड्रायव्हर, म्हणजे गिटारचा आवाज थोडा फाटका करणारं पायाने दाबायचं ओव्हरड्राइव्ह पेडल, घरी येऊन दोन महिने झाले, रोज वाजवतोय आणि मनापासून खूश आहे. तरी त्या दुकानाचा राग अजून गेलेला नाही म्हणून लिहितोय. पहिलं ओव्हरड्राइव्ह घ्यायला कुणी निघालं असेल तर त्याचे तरी शनिवार वाचतील.

माझा सेटअप आधी सांगतो कारण सगळं त्यावरच अडलं. स्ट्रॅट टाइप गिटार, तिन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एकेरी गुंडाळीचे, आणि १५ वॉटचा साधा ट्रान्झिस्टरवाला प्रॅक्टिस ॲम्प. डोंबिवलीत बिल्डिंगमध्ये राहतो, खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यामुळे ॲम्पचा व्हॉल्यूम तीनच्या वर कधीच जात नाही. ॲम्प पूर्ण क्लीन, म्हणजे स्वतः न फाटणारा, जो काही आवाज फाटायचा तो पेडलमधूनच.

घ्यायचं काय ते पक्कं होतं, ट्यूब स्क्रीमर, टीएस-९. १९८२ मध्ये आलेलं ते हिरवं पेडल, ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉनमुळे ट्यूब स्क्रीमर हे नाव प्रत्येक ब्लूजवाल्याला माहीत. बजेट जमलं, दुकान ठरवलं, आता फक्त जाऊन वाजवून बघायचं एवढंच बाकी होतं.

आणि तिथेच सगळं अडकलं. दुकान मोठं आहे, नाव लिहीत नाही. पहिल्या शनिवारी गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, "सर, सील तोडलं की घ्यावंच लागेल." मी म्हटलं डेमो पीस असेल ना, तर म्हणे आहे पण तो वाजवणारा मुलगा आज सुट्टीवर आहे. अहो, वाजवायचंय मला, त्या मुलाचं काय काम? पण नाही म्हणजे नाही. लोकलने परत.

दुसऱ्या शनिवारी तो मुलगा होता. त्याने डेमो पीस काढला, दुकानातल्याच हंबकरवाल्या (दुहेरी गुंडाळीच्या, जाड आवाजाच्या पिकअपच्या) गिटारला लावला, समोर मोठा ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी व्हॉल्व्हवाला), आणि तो आधीच थोडा फाटत होता इतका उघडलेला. पेडलचा लेव्हल नॉब, म्हणजे आवाज किती मोठा ते ठरवणारा, जवळजवळ फुल. दाबलं की आवाज एकदम दणक्यात पुढे यायचा आणि तो म्हणायचा, "बघितलंत?" मला आवडलं, खोटं का बोलू. पण घरी येताना ट्रेनमध्ये लक्षात आलं की मी पेडल ऐकलंच नाही, मी तो ॲम्प ऐकला आणि वाढलेला आवाज ऐकला. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, म्हणून पेडल चालू-बंद करताना दोन्ही वेळी आवाज सारखा राहील एवढाच लेव्हल ठेवा आणि मग ठरवा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर!

तिसऱ्या शनिवारी स्वतःची गिटार खांद्यावर घेऊन गेलो, फास्ट लोकलमध्ये गिटार सांभाळत, घामाघूम. कोपऱ्यात माझ्यासारखाच छोटा ट्रान्झिस्टर ॲम्प होता, म्हटलं यावर लावून द्या. तर "तो विकायचा आहे, लावता येणार नाही." सगळंच विकायचं असतं ना दुकानात! पाऊण तास उभा होतो. तेवढ्यात एक शाळेतला मुलगा आणि त्याचे बाबा आले आणि सीलबंद बॉक्स घेऊन गेले, एक नोट न वाजवता. मला फार वाईट वाटलं, दहा मिनिटं त्या मुलाला वाजवू दिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? शेवटी मागून एक वयस्कर काका आले, त्यांनी माझी गिटार बघितली, काही न विचारता तो छोटा ॲम्प स्वतः प्लग केला आणि म्हणाले, "वाजव सावकाश."

पाच मिनिटांत निकाल लागला. टीएस-९ माझ्या ॲम्पवर नाक चोंदल्यासारखा वाजत होता. ते पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा बेस कमी करतं आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) पुढे आणतं, फाटायला आलेल्या ट्यूब ॲम्पला ढकलायला हे उत्तम, लीड गिटार बँडच्या आवाजातून कापत बाहेर येते. पण माझा ॲम्प ढकलून फाटणारा नाहीच. मग काकांनी बॉसचं एसडी-१ लावलं, तेही १९८१ चं जुनं डिझाइन आणि साधारण त्याच वळणाचं, थोडं जास्त खरखरीत. आणि मग बीडी-२ ब्लूज ड्रायव्हर, १९९५ चं. त्यात बेस जागेवर राहिला, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू आली, जोरात मारलं की फाटायचं, हलकं वाजवलं की जवळपास क्लीन. स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपवर टोचतं थोडं, टोनचा नॉब घड्याळातल्या दहाच्या जागेच्या खाली ठेवला की बसतं. तिथेच घेतलं, पैसे काकांच्याच हातात दिले.

मोठा ट्यूब ॲम्प असेल तर मात्र टीएस-९ आधी ऐका, ड्राइव्ह (आवाज किती फाटायचा तो नॉब) अगदी कमी आणि लेव्हल जास्त ठेवून.

हो, अडॅप्टर. ९ व्होल्ट डीसी आणि सेंटर निगेटिव्ह (पिनचा मधला भाग ऋण) हवा, घरातल्या राउटरच्या अडॅप्टरचा पिन बसतो म्हणून तो लावू नका, तो बहुतेक वेळा १२ व्होल्टचा आणि सेंटर पॉझिटिव्ह असतो, पेडल जाऊ शकतं. बॅटरीवर वाजवत असाल तर झाल्यावर इनपुटची केबल काढून ठेवा, ती आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते, माझी पहिली एका आठवड्यात संपली. आणि ड्राइव्ह वाढवल्यावर गुणगुण आली तर पेडल बदलायला धावू नका, सिंगल कॉइलचा हम आहे तो, पेडल फक्त मोठा करतं. पिकअप सिलेक्टर दोन किंवा चार नंबरवर टाकून बघा, तिथे मधला पिकअप शेजारच्या एकाबरोबर वाजतो, मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल तर हम लगेच कमी होतो. माझ्या गिटारवर झाला.