शेरा झाकायचं काम

विट्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. एमएस-सीआयटी, टॅली, टायपिंग, आणि सुट्टीत आयांनी अडकवून ठेवलेली पोरं. जोडीला कुणाला छोटंमोठं काम हवं असेल तर ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नोंदी ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये, बांधून देते. अशाच एका पतसंस्थेचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नाव कशाला घ्या, सगळी ओळखीचीच माणसं.

तिथल्या स्क्रीनवरच्या कर्जाच्या फॉर्मवर तळाशी ‘शेरा’ असा एक लांबलचक रकाना होता. मॅनेजर साहेब त्यात कर्जदाराबद्दल मोकळेपणानं लिहायचे. बाजाराच्या दिवशी खिडकीतून ऊन येतं म्हणून काउंटरवरच्या अण्णांनी मॉनिटर जरा तिरका केला, तो नेमका समोरच्या माणसाकडे तोंड करून बसला. हप्ता भरायला आलेल्या एका सभासदानं काउंटरवर कोपर टेकून स्वतःचा शेरा मोठ्यानं वाचला: “हप्ता मागितला की आजारी पडतो.” मग विचारलं, “ह्ये कुणी लिवलंय?” मागे रांग होती. रांगेत त्याचे व्याही होते.

संध्याकाळी अध्यक्षांचा फोन. “मॅडम, तेवढं शेऱ्याचं झाकून टाका.”

झाकणं ॲक्सेसमध्ये अगदी सोपं आहे. फॉर्म डिझाइनमध्ये उघडायचा, रकान्यावर क्लिक करायचं, प्रॉपर्टी शीटमध्ये ‘व्हिजिबल’समोर ‘येस’चं ‘नो’ करायचं. जोडलेलं लेबलही त्याच्याबरोबर जातं. मॅनेजरच्या लॉगिनला दिसावा म्हणून कोडची एक ओळ. चहा प्यायले, पैसे घेतले नाहीत. तिथंच चुकलं. फुकट आणि पाच मिनिटांत झालेलं काम बघितलं की माणसाला आणखी दहा कामं सुचतात.

खातं उघडायच्या फॉर्मवर चाळिसेक रकाने. त्यातले निम्मे निम्म्या लोकांना लागत नाहीत. खातेदार अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेल तरच अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्त्याचं नाव, नातं, सही. आमच्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेले, त्यांच्यासाठी ‘सध्याचा मुक्काम’ म्हणून वेगळा पत्ता. गावातच राहणाऱ्याला तो कशाला? अध्यक्ष म्हणाले, नको तेव्हा हे सगळं दिसायलाच नको. मलाही पटलं. जन्मतारीख टाकली, वय अठराच्या आत आलं, की अ.पा.क.चे रकाने उगवतील, एरवी गायब. कागदावर फार देखणं वाटलं.

अण्णांबद्दल इथं सांगायला हवं. अण्णा स्क्रीनकडे बघत नाहीत. डावीकडे अर्ज, नजर अर्जावर, उजवा हात एंटरवर. नावानंतर एक एंटर, पत्त्यानंतर दोन, मग चार एंटर मारले की मोबाइल नंबर. हे गणित त्यांच्या बोटात बसलेलं. मी मधले रकाने झाकले आणि लपलेल्या रकान्यावर एंटर थांबत नाही, तो पुढे उडी मारतो. साहजिकच चार एंटरला अण्णा मोबाइलच्या पुढे जाऊन पोचले. पहिल्या दिवशी सात जणांचा मोबाइल नंबर ‘व्यवसाय’मध्ये गेला. रकाना झाकण्याऐवजी नुसता करडा करून बंद ठेवला तरी हेच होतं, एंटर त्यालाही ओलांडून जातो. म्हणून कधी दिसणारे, कधी न दिसणारे असे सगळे रकाने मी उचलून फॉर्मच्या शेवटी नेले. वरचं गणित एकदाच बदललं, मग कायम राहिलं. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, अण्णांच्या बोटांत सापडलं.

बाकीच्या भानगडी नेहमीच्या, पण एकेक करून सगळ्या झाल्या. दाखव-लपव मी फक्त जन्मतारखेच्या ‘आफ्टर अपडेट’वर लिहिलं होतं, म्हणजे तारीख बदलली तरच तो कोड चालायचा. त्यामुळे एका लहान मुलाचं खातं बघून पुढच्या खात्यावर गेलं की सत्तर वर्षांच्या आजोबांनाही पालनकर्ता विचारला जायचा. तोच कोड फॉर्मच्या ‘ऑन करंट’लाही लावावा लागतो, म्हणजे नोंद बदलली की पुन्हा तपासणी. तो लावला तर दुसरंच: कर्सर अ.पा.क.मध्येच असताना पुढच्या नोंदीसाठी पेजडाउन मारलं की एरर 2165. ज्या रकान्यात कर्सर बसलाय तो ॲक्सेस झाकू देत नाही. बसलेल्या माणसाखालची खुर्ची कशी काढणार? आधी कर्सर पहिल्या रकान्यात पाठवायचा, मग झाकायचं.

मग वय. दोन तारखांमधलं अंतर सांगणाऱ्या ‘डेटडिफ’ला मी वर्षं विचारली होती. ते नुसती सालं वजा करतं. 31 डिसेंबर 2007 ला जन्मलेलं पोर 1 जानेवारी 2025 ला त्याच्या लेखी अठरा वर्षांचं! अशी दोन पोरं पालनकर्त्याशिवाय सज्ञान होऊन बसली होती. आता जन्मतारखेत अठरा वर्षं मिळवते आणि ती तारीख उलटलीय का बघते. एवढं साधं आधी का सुचलं नाही कुणास ठाऊक.

टेबलमध्ये, म्हणजे फॉर्ममागे माहिती साठते तिथं, कधीकाळी मीच ‘नातं’ हा रकाना सक्तीचा करून ठेवला होता. तोही झाकला गेला. अण्णांचा फोन: “मॅडम, सेव्हच हुईना. कायतरी भरा म्हणतोय, पण काय भरा ते दिसंना.” न दिसणारा रकाना सक्तीचा! टेबलमधली सक्ती काढली आणि ती तपासणी फॉर्मच्या ‘बिफोर अपडेट’मध्ये, म्हणजे सेव्ह व्हायच्या आधी, नेली, अज्ञान असेल तरच.

पण खरी फजिती एका गुरुजींच्या पासबुकावर झाली. जन्मसाल 1984, अण्णांनी टाकलं 2014. अ.पा.क.चे रकाने उगवले. हे रकाने शेवटी नेण्याच्या आधीची गोष्ट, तेव्हा अण्णांची बोटं झाकलेल्या रकान्यांच्या कमी एंटरवर आली होती, त्यामुळे अर्जाकडे बघत अण्णांनी त्यात मोबाइल नंबर ठोकला. नंतर साल चुकल्याचं लक्षात आलं, दुरुस्त केलं. रकाने गुपचूप नाहीसे झाले, आतला नंबर मात्र टेबलमध्ये तसाच. पासबुक छापून आलं त्यावर गुरुजींचं नाव आणि खाली ‘अ.पा.क.’ म्हणून त्यांचाच मोबाइल नंबर. गुरुजी म्हणाले, “एवढा अज्ञान वाटतो का हो मी?”

झाकताना आतलं पुसायचंही असतं. पण कधी पुसायचं यावर मी बरंच डोकं खाल्लं. रकाना लपला की लगेच पुसलं तर जन्मतारखेत एक अंक चुकला आणि सुधारला, एवढ्यात खरोखरच्या अज्ञान पोराच्या पालनकर्त्याचं नाव उडून जाईल. म्हणून नोंद सेव्ह होताना, अगदी शेवटच्या क्षणी, न दिसणारे रकाने रिकामे करते. तोपर्यंत माणसाला चूक सुधारायला वाव राहतो.

एवढं सगळं मार्गी लागलं आणि शेरा परत आला.

काउंटरवर नवा मुलगा लागला, माझ्याच क्लासचा. कर्जदारांची यादी डेटाशीटमध्ये उघडते, एक्सेलसारखी. डेटाशीटमध्ये ‘व्हिजिबल नो’ला कुणी विचारत नाही, तिथं कॉलमच लपवावा लागतो. तो मी लपवला होता. यानं मथळ्यावर राइट क्लिक केलं, ‘अनहाइड फील्ड्स’वर गेला, शेऱ्यापुढे टिक केली आणि दुपारभर सगळ्या गावाचे शेरे वाचत बसला. विचारलं तर म्हणतो, “मॅडम, तुम्हीच शिकवलंय की.” शिकवलंय खरं.

अध्यक्षांना समजावून सांगताना मला माझीच लाज वाटली. अ.पा.क. झाकायचा तो अण्णांच्या सोयीसाठी, कुणी बघितला तरी बिघडत नाही. शेरा झाकायचा तो कुणाला कळू नये म्हणून. मी दोन्हीला एकच औषध दिलं होतं. फाइल उघडताना शिफ्ट दाबून धरली तर माझे सुरुवातीचे सगळे अडसर बाजूला राहतात आणि टेबलं समोर उघडी पडतात. शिफ्टचा रस्ता बंद करता येतो, पण ज्याला माहीत आहे तो उघडतोही. ॲक्सेसच्या जुन्या एमडीबी फाइलींत वापरकर्त्यागणिक परवानग्या देता यायच्या. 2007 ला एसीसीडीबी ही नवी फाइल आली, त्यात ते गेलंच.

“म्हणजे आधी काय केलं होतं तुम्ही?” अध्यक्ष.

“टेबलक्लॉथ टाकला होता,” मी म्हणाले.

शेवटी शेरा त्या फाइलीतूनच काढला. वेगळं टेबल, वेगळ्या फाइलीत, फाइल अशा फोल्डरमध्ये जिथं विंडोज फक्त मॅनेजरच्या लॉगिनला शिरू देतं. मॅनेजरची फॉर्मची प्रत वेगळी, काउंटरची वेगळी. काउंटरच्या प्रतीत त्या टेबलची जोडणीसुद्धा नाही, त्यामुळे शोधणाऱ्याला शोधायला काही उरत नाही. यावेळी पैसे घेतले.

आता मॅनेजर साहेब पूर्वीपेक्षा लांब शेरे लिहितात, असं ऐकते.

मॉनिटर अजून तिरकाच आहे, उन्हाचा इलाज कुणी केलेला नाही. परवा तोच सभासद हप्ता भरायला आला. पावती घेतली, पुन्हा कोपर टेकलं, स्क्रीन वरून खाली न्याहाळली आणि म्हणाला, “माझं ते लिवलेलं हाय का अजून?”

“मलाच दिसत नाय आता,” अण्णा म्हणाले आणि पुढच्याची स्लिप घेतली.