केर्न्सच्या समुद्रातलं दाढीचं दुकान

चोपडा तालुक्यातला माणूस समुद्रावर लिहितोय म्हटल्यावर अर्धे जण इथेच हसतील. हसा. आपल्याकडे पाणी म्हणजे तापी, आणि तीसुद्धा हतनूरचे दरवाजे उघडले की मोटारसायकलवर तिघं बसून बघायला जायची. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला बाविसाव्या वर्षी, जुहूला, आणि सगळं लक्ष काठावर काढलेल्या चपलांवर.

आता केर्न्समध्ये तिसरं वर्ष चालू आहे. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या कोपऱ्यातलं गाव, मी एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. गाडीने तासभर दक्षिणेला गेलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी, या देशातली बहुतेक केळी त्याच पट्ट्यात पिकतात, पहिल्यांदा गेलो तेव्हा काच खाली करून नुसता वास घेत बसलो होतो. आणि समोर समुद्रात ग्रेट बॅरिअर रीफ, म्हणजे प्रवाळांची रांग, २,३०० किलोमीटर लांब. दोन वर्षं समोर असून गेलो नाही कारण तिकीट महाग आणि पोहणं म्हणजे विहिरीतलं, तेही पाठीला डबा बांधून. शेवटी गेल्या महिन्यात किचनमधल्या पोरांनी ओढून नेलं. बोटीने दीड-दोन तास, त्यात मी दोनदा ओकलो, मग जेलीफिशपासून वाचायला अंगाला चिकटणारा निळा सूट चढवला, त्या सूटमधला फोटो मायला पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही.

पाण्यात तोंड घातलं आणि पहिली दहा मिनिटं काही कळलंच नाही, रंगांचा नुसता गलका. मग एका प्रवाळाच्या गड्ड्यापाशी गर्दी दिसली. पाच-सहा वेगवेगळ्या जातीचे मासे एका जागी थांबलेले, कोणी तिरका, कोणी डोकं खाली करून, एक तर तोंड उघडून असा स्थिर की मला वाटलं आजारी आहे. आणि त्यांच्यामधून एक बोटाएवढा मासा पळापळ करतोय.

तो क्लीनर रॅस. शास्त्रीय नाव लॅब्रॉइडीस डिमिडिएटस. वाढून वाढून १४ सेंटिमीटर. तोंडाकडे पांढरट-पिवळसर, शेपटीकडे निळा, आणि नाकापासून डोळ्यातून आरपार शेपटीपर्यंत एक काळा पट्टा जो मागे जाता जाता रुंद होतो, जसं काही काजळ लावताना हात सुटला. पिल्लं उलट काळी असतात आणि पाठीवर निळी रेघ. पोहायची पद्धतही वेगळी, शेपटी फारशी हलवत नाही, छातीजवळचे पर वल्ह्यासारखे मारतो आणि गिऱ्हाईक दिसलं की वरखाली उड्या मारत नाचतो. दुकान उघडं आहे म्हणून सांगायची पद्धत ती.

धंदा काय? अंगावरचे किडे खाणं. म्हशीच्या पाठीवर बसून बगळा गोचीड टिपतो ना, तेच, फक्त इथे म्हैस स्वतः चालत येते आणि रांगेत थांबते. गोचिडीच्या जागी नॅथिड नावाचे बारके किडे, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले, माशाचं रक्त पितात. याच रीफवरच्या लिझार्ड आयलंड बेटावर संशोधकांनी मोजलं तर एक क्लीनर दिवसाला सरासरी १,२०० च्या वर किडे खातो आणि २,३०० च्या आसपास वेळा गिऱ्हाईक तपासतो. चोपड्याच्या स्टँडजवळच्या सलूनवाल्याने हा आकडा ऐकला तर वस्तरा खाली ठेवेल.

फोनवर मायला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "कितला मोठा शे?" बोटाएवढा म्हटलं. मग म्हणे, "आन् मोठा मासा त्याले खाई टाकत नही का?" बरोबर प्रश्न आहे. मोरे ईल म्हणून असते, आपल्या वामसारखी पण मनगटाहून जाड, तिच्या जबड्यात हा आतपर्यंत जाऊन दात साफ करून बाहेर येतो आणि ती तोंड मिटत नाही.

आता खरी गंमत. याला किडे आवडतात असं नाही, याला आवडतो माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर. तो खाल्ला की गिऱ्हाईकाचं नुकसान, म्हणून मासा दचकतो आणि एकतर निघून जातो नाहीतर मागे लागतो. म्हणजे काम करता करता हात मारायचा मोह कायम, आणि आपला हा पठ्ठ्या माणूस बघून हात मारतो. शिकारी माशाला शक्यतो नाहीच. दुसरे मासे बघत असतील तर सभ्यपणे काम करतो. आणि ज्या माशाला दुसऱ्या दुकानात जायची सोय आहे, त्याचा नंबर आधी लावतो, जवळपासचा कायमचा रहिवासी थांबतो बापडा, जाणार कुठे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचा किराणा दुकानदार आठवला, उधारीवाल्याला "बसा जरा" आणि बाहेरगावच्या गाडीवाल्याला "या साहेब". नरासोबत मादी काम करत असेल आणि तिने हात मारल्यामुळे मोठं गिऱ्हाईक गेलं तर नर तिच्या मागे लागून तिला पळवतो, धंदा खराब केला म्हणून.

डुप्लिकेटही आहे बरं का. एक ब्लेनी जातीचा मासा हुबेहूब असाच रंग घेऊन फिरतो, तसाच नाचतो, आणि जवळ आलं की पराचा लचका तोडून पसार. ओळखायचं तर तोंड बघा, रॅसचं अगदी टोकाला, याचं खालच्या बाजूला.

आप्पांना मात्र फक्त एकच गोष्ट पटली नाही. एका दुकानात एक नर आणि त्याच्या चार-पाच माद्या असतात. नर मेला की सगळ्यात मोठी मादी काही तासांतच त्याच्यासारखी दादागिरी सुरू करते आणि दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण नर होते, शरीरानेसुद्धा. आप्पा बराच वेळ गप्प, मग, "बाईना माणूस व्हई गया? पंधरा दिनमा? काय बी सांगस!" आणि फोन मायकडे.

तिला मग आरशाचं सांगितलं. आपल्या ओट्यावरच्या गाडीच्या आरशाला चिमणी कशी दिवसभर चोची मारायची, आप्पा शेवटी मोजा घालून ठेवायचे, तसा हा मासाही आधी आरशातल्या स्वतःशी भांडला. मग जपानमधल्या ओसाकाच्या संशोधकांनी त्याच्या गळ्याखाली किड्यासारखा तपकिरी ठिपका केला. आरशात तो ठिपका दिसल्यावर मासा खाली जाऊन गळा तळाला घासायला लागला. आरसा नसेल तर घासत नाही, ठिपका बिनरंगाचा असेल तरी घासत नाही. २०१९ मध्ये हे छापून आलं आणि मोठा वाद झाला, कारण आरशात स्वतःला ओळखायच्या या परीक्षेत तोवर चिंपांझी, हत्ती असली मोठी मंडळी पास झालेली, आणि त्यांच्या बाकावर हा बोटाएवढा न्हावी येऊन बसला.

मी त्या गड्ड्यापाशी किती वेळ तरंगत होतो माहीत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर माझी तव्याने भाजलेल्याची खपली होती. हात पुढे करून थांबलो, अगदी त्या तोंड उघडलेल्या माशासारखा, आणि तो आला. खपलीला दोनदा टोचलं, जरा लांब जाऊन माझ्याकडे बघितलं आणि सरळ पुढच्या गिऱ्हाईकाकडे. खपलीचा कोपरा निघाला होता, थोडं चुरचुरलं.

मायला हेही सांगितलं. ती म्हणे, "हात धुया ना मंग?"