सिंहराजा: पिवळ्या कपाळाचा, निळ्या गालांचा

कुडव्याच्या तिकीटघरापासून जीपने हाडं खिळखिळी करत वर आणून सोडलं. जळवांसाठीचे लांब मोजे चढवले आणि आमचा गट सिंहराजात शिरला. श्रीलंकेतलं हे पर्जन्यवन १९८८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आपण चालतो ती वाट मात्र लाकूडतोडीची. सत्तरच्या दशकात प्लायवूडसाठी इथली झाडं पडत होती. लोकांनी ओरड केली, तेव्हा कुठे १९७७ मध्ये कुऱ्हाडी थांबल्या.

गटात सगळ्यांना हवे होते निळा मॅगपाय आणि लाल तोंडाचा मालकोहा हे पक्षी. मला मात्र सकाळपासून कानीकपाळी 'कुइयार-कुइयार' ओरडणारा कोण, ते बघायचं होतं.

"कोट्टोरुवा, मॅडम. गावात परसातपण येतो," गाईड अय्या म्हणाले आणि पुढे चालू लागले. कोट्टोरुवा म्हणजे बार्बेट, आपल्या तांबटाच्या जातकुळीतला; हा पिवळ्या कपाळाचा. आम्हा पक्षीवाल्यांचं हेच मला पटत नाही. जगात फक्त या बेटावर राहणारा पक्षी, पण रोज दिसतो म्हणून त्याला भाव नाही!

हिरव्या रानात हिरवा पक्षी शोधण्यापेक्षा फळावर आलेलं झाड शोधावं. वळणावर काळसर फळांनी लगडलेलं एक सापडलं. तिथेच ठाण मांडलं. आधी बुलबुलांनी गोंधळ घातला, मग हे महाशय आले. जेमतेम वीतभर. आपल्या सह्याद्रीतल्या कुर्तुकाचा भाऊबंद, पण कुर्तुकाचं डोकं मातकट, तर याचं कपाळ हळद माखल्यासारखं पिवळंधमक आणि गाल-गळा निळा. जाड चोचीच्या मुळाशी राठ मिशा. फळ उपटलं, चोचीत फिरवलं, अख्खं गिळलं. मग बराच वेळ फांदीवर ढिम्म. शेवटी मान ताणली, आणि बी बाहेर! तोडीत उघडं पडलेलं रान पुन्हा भरून आलं त्यात या ओकाऱ्यांचाही हात आहे.

थोड्या वेळाने जोडीदार आला. नर कोण नि मादी कोण, रंगावरून कळायची सोय नाही. खोडात घरट्याचं भोक कोरायलाही दोघं मिळूनच लागतात.

मालकोहा परतताना दिसला. पाठमोरा, तोही पानाआड. गटात जल्लोष.

जायचं असेल तर जानेवारी ते मार्च बरे, पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो. जळवा मात्र बारमाही.