कुत्र्याचं नाव खंड्याच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सकाळी फिरायला निघाले की, भाजी घेताना, परवा तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी विचारलंच, "बाई, पिल्लू गोड आहे हो, पण नाव असलं जुनं कशाला ठेवलंत?" आमच्या गल्लीत ब्रुनो आहे, सिम्बा आहे, एक ओरिओ आहे. त्यांच्यात आमचा खंड्या. रस्त्यात उभ्या उभ्या मी एवढंच म्हणते, "साताऱ्याच्या कुत्र्याला साताऱ्याचं नाव." ते खरंच आहे, पण सगळं नाही. सगळं सांगायला जरा बसावं लागेल.

आधी साताऱ्याचं. शहरापासून पाचेक किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा जिथे भेटतात, तिथे संगम माहुली आहे. तिथे थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे आणि एका कुत्र्याचीही. त्या कुत्र्याला सातारकर खंड्या म्हणतात. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांचा जीव वाचवला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. साताऱ्यात राहिलेल्या ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासातही महाराजांचा जीव वाचवणारा कुत्रा आहे. महाराजांनी भर दरबारात त्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढे स्वतः कधी डोक्यावर काही घेतलं नाही. त्याच्या नावे जहागिरीची सनद केली, पालखीचा मान दिला. डफसाहेबांनी हे सगळं महाराजांच्या लहरीपणात आणि बुद्धिभ्रंशात जमा केलंय. मला ते पटत नाही. सातव्या वर्षी मोगलांच्या कैदेत गेलेला आणि १७०७ मध्ये, ऐन तारुण्यात सुटलेला तो राजा. आयुष्याची इतकी वर्षं शत्रूच्या छावणीत काढलेल्या माणसाला आपल्यासाठी जीव धोक्यात घालणारा कोण, हे बरोबर कळत असणार. त्यानं उपकार लक्षात ठेवले आणि चारचौघांत बोलून दाखवले. माहुलीला गेले की मी दोन्ही समाध्यांना हात जोडते.

पण आमच्या पिल्लाचं नाव ठरलं ते माहुलीत नाही, घरातच ठरलं.

घरात आम्ही दोघंच. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला. मी यांना 'अहो' म्हणते, हे मला 'अगं' म्हणतात. आमच्या पिढीत नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. मुलं घरात होती तोवर याचं काही वाटलं नाही, कारण दिवसभर त्यांच्या नावांचा गलका असायचा. अभ्यासाला बस, जेवायला चल, पाणी आलंय बादल्या भर, प्रत्येक वाक्याच्या आधी एक नाव. सासूबाई होत्या, त्या जपाची माळ ओढता ओढता मध्येच नातवंडांची नावं घ्यायच्या. मग मुलं गेली, सासूबाई गेल्या. एका संध्याकाळी मी दिवा लावत होते आणि एकदम लक्षात आलं, की सकाळपासून या घरात एकही नाव उच्चारलेलं नाही. बोलणं झालं होतं, भांडणसुद्धा झालं होतं. नाव मात्र एकही नाही.

आणि माझं नाव? शाळेत गणित शिकवलं, तिथे मी बाई. गल्लीत काकू होते, ती हळूहळू आजी झाले. बँकेत मॅडम. आई मला 'माले' म्हणायची. थोरली बहीण गच्चीवरून 'ए माले' अशी हाक मारायची ती तिसऱ्या घरापर्यंत जायची. दोघी गेल्या. आता मला 'माले' म्हणणारी एकच उरली आहे, वाईला असते, शाळेतली मैत्रीण. तिचा फोन आला की मी तो लांबवते. गुडघे दुखतात, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायला उजेडात जावं लागतं, त्याची सवय होते. पण एकेरीत हाक मारणारी माणसं एकेक करून जातात आणि आपण ज्यांना हक्कानं ओरडून बोलवावं तीही लांब राहायला जातात, त्याची सवय मला झालेली नाही.

म्हणून मागच्या गोठ्याजवळ कुत्री व्याली, पिल्लं जरा मोठी झाली आणि दूधवाले काका म्हणाले, "बाई, एक घेऊन जाता का?" तेव्हा मी यांना विचारायलाही थांबले नाही. तपकिरी रंगाचं, पंजे तेवढे पांढरे, अस्सल गावठी पिल्लू. मला पाहिजे होतं परसदारी उभं राहून पोटातून हाक मारता येईल असं एक नाव.

नात आठ वर्षांची. तिनं व्हिडिओ कॉलवर लगेच सुचवलं, "कोको." तिला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिच्यासमोर कागद-पेन घेऊन बसलो. पिल्लाला पहिले सहा महिने दिवसभर काय ऐकावं लागतं? 'नको'. चप्पल नको, वायर नको, तुळस उकरू नको. 'नको' आणि 'कोको' त्याच्या कानाला जवळजवळ सारखंच. प्राण्यांचे डॉक्टरही म्हणतात, की नाव छोटं असावं आणि रोजच्या हुकमांसारखं ऐकू येऊ नये. नातीला ते पटलं. मग तिनं नावांची यादीच केली आणि त्यातली निम्मी 'स'वरची निघाली. तिथे अडचण यांची झाली.

यांना कमी ऐकू येतं. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा आलेख समोर ठेवून समजावलं होतं. वयाबरोबर जातात ते आधी वरच्या पट्टीतले आवाज. स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ हे बारीक आवाज हरवतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "ऐकू येतंय रे, पण कळत नाही." घरातले चिडून आणखी मोठ्यानं बोलतात, त्यानं स्वर मोठे होतात, हरवलेला 'स' काही परत येत नाही. सावकाश, समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं, हे मला तेव्हा कळलं आणि मी तेच करते. तेव्हा 'सिम्बा' यांना 'इम्बा'च ऐकू आलं असतं. रात्री कवळी वाटीत काढून ठेवली की 'स' आणि 'फ' यांच्या तोंडातून धड निघतही नाहीत. खंड्या मात्र कवळीशिवायसुद्धा ठणठणीत निघतो.

कुत्र्याची गोष्ट उलटी. तरुण माणसाच्या कानाची वरची हद्द साधारण २०,००० हर्ट्झ, कुत्र्याची तिच्या दुपटीहून जास्त. फाटकाची कडी वाजायच्या आधीच खंड्याला कळतं. बेल वाजली की तो यांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहतो आणि मग हे उठतात. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

बाकीची जुनी नावंही चाळून झाली. मोत्या हे गोठ्यावरच्या कुत्र्याचंच नाव होतं. राजा म्हणावं तर शेजारच्यांच्या जावयाला घरात राजा म्हणतात, आणि मी दारात उभी राहून "राजा, तोंडातलं टाक खाली" असं ओरडणं शोभलं नसतं.

मुख्य कारण आता सांगते. नावं माझ्या जिभेवरून निसटायला लागली आहेत. मी शाळेत हजेरी न बघता घ्यायचे, साठ मुलांची, ओळीनं. आता पोवई नाक्यावर एखादा टक्कल पडलेला गृहस्थ वाकून नमस्कार करतो, "ओळखलंत का बाई?" ओळखते तर मी नक्कीच. तो कुठल्या बाकावर बसायचा ते आठवतं, भूमितीत पैकीच्या पैकी घ्यायचा आणि बीजगणितात हातचा विसरायचा तेही आठवतं. नाव येत नाही. वय वाढलं की आधी विशेषनामंच अडकतात, ते बहुतेक सगळ्यांचं होतं, त्यात घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी हेही सांगितलं, की लहानपणी जिभेवर बसलेली नावं सहसा पक्की राहतात.

माझ्या आजोळी, कराडच्या बाजूला, शेतावरच्या कुत्र्याचं नाव खंड्या होतं. तो गेला की दुसरा यायचा, त्याचंही नाव खंड्या. आजी मळ्याच्या बांधावर उभी राहून हाक मारायची, शेवटचा स्वर लांबवत. ती हाक माझ्या कानात इतकी आतवर गेलेली आहे, की ती निसटायची नाही, असं मला वाटतं. मुलांची नावं घेताना मी भावाचं नाव आधी घेते, नातीला मुलीच्या नावानं हाक मारते. पिल्लू आल्यापासून खंड्याला मात्र एकदाही दुसरं नाव गेलेलं नाही.

पलीकडच्या आजींनी एक वेगळी शंका काढली. "अगं, पालीचा खंडोबा आपलं कुलदैवत. देवाच्या नावावरनं कुत्र्याला हाक मारतेस?" त्यांचा मान ठेवून मी सांगितलं, की खंडोबाच्या तसबिरीत घोड्याबरोबर कुत्रा असतोच. जेजुरीला वाघ्ये देवापुढे कुत्र्यासारखे भुंकतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. नामदेव महाराजांची पोळी कुत्र्यानं पळवली, तर ते त्याच्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तूप देतेस का मग?" डॉक्टरांनी तूप द्यायचं नाही म्हणून सांगितलंय. भाकरी देते, त्यावर बिनमिठाचं शिजवलेलं अंडं.

तो वाढतोय आणि आम्हीही वाढतोय, एकाच घरात. पाचव्या महिन्यात त्याचे दुधाचे दात पडायला लागले. कुत्र्याच्या पिल्लाला २८ दात असतात, ते जाऊन ४२ पक्के येतात. सतरंजीवर मला तांदळाएवढा एक दात सापडला. त्याच आठवड्यात माझी दाढ काढली. तिच्या जागी काही यायचं नाही. त्याचं पाण्याचं भांडं भरायला वाकले की उठताना भिंतीला हात टेकावा लागतो. तेवढ्यात तो येऊन तोंड चाटतो आणि मग मी आणखी थोडा वेळ खालीच बसते.

कुत्र्याचं वय सातनं गुणायचं, असा हिशेब सगळे सांगतात. मी गणिताची, मला तो पहिल्यापासून खटकायचा. एक वर्षाच्या कुत्र्याला पिल्लं होऊ शकतात आणि सात वर्षांचं मूल दुसरीत असतं. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरच्या खुणा मोजून एक सूत्र मांडलं. कुत्र्याच्या वयाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, त्याला १६ नं गुणायचं आणि ३१ मिळवायचे. एक वर्षाचा कुत्रा ३१ वर्षांच्या माणसाएवढा, चार वर्षांचा ५३, बारा वर्षांचा ७१. गावठी कुत्र्याला ते तंतोतंत लागू नसेल, पण वक्र मला पटला. आधी झपाट्यानं, मग सावकाश. मी आत्ता सदुसष्टची. तो बारा वर्षांचा होईल तेव्हा मी ऐंशीला टेकलेली असेन, आणि तो सूत्रानं माझ्या आजच्या वयापेक्षा थोडा मोठा.

म्हणून नाव ठेवण्याआधी मी आणखी एक काम केलं होतं. खालच्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा त्याला संध्याकाळी पळवायला नेतो. त्याच्या आईला मी घरी बोलावून सरळ विचारलं, "आम्हाला काही झालं तर याला तुम्ही बघाल का?" अशा गोष्टी बोलून ठेवाव्यात, मनात ठेवू नयेत. तिनं विचार करायला दोन दिवस मागितले, ते मला फार आवडलं. लगेच हो म्हणाली असती तर मी धास्तावले असते. नाव तिच्याही तोंडी बसायला हवं होतं, तिच्या मुलाच्याही, दूधवाले काकांच्याही. त्या दृष्टीनंही खंड्या सोपा.

आता रेबीजच्या लशीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा आणि खाण्याचं वेळापत्रक एका वहीत आहे, मोठ्या अक्षरात, आणि वही कुठे आहे ते तिला माहीत आहे. पट्ट्याच्या बिल्ल्यावर दोन फोन नंबर आहेत, आमचा आणि तिचा. मुलगा पुढे शिकायला बाहेर गेला तर आपण स्वतः त्याला फिरवू, असं ती म्हणते. तिला आधी कुत्र्यांची भीती वाटायची. आता संध्याकाळी जिन्यातून तीच "खंड्याऽऽ" म्हणून हाक मारते, आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. यांनासुद्धा तो ऐकू येतो.