कोबीपट्ट्या: निळेपणाचं मूळ अखेर सापडलं

मंडळी, लाल कोबीच्या अर्कात कागद भिजवून मी आम्ल-आम्लारी ओळखायच्या पट्ट्या बनवतोय. कशाला कोणता रंग येतो, याचा मागच्या वेळी दिलेला रंगतक्ता रद्द समजा. त्यातल्या सगळ्या नोंदी चुकल्यात, आणि का चुकल्या ते काल रात्री कळलं.

अडचण अशी होती: लाल कोबीचा अर्क छान जांभळा, पण पट्ट्या वाळल्या की निळ्या. आधी संशय नळाच्या पाण्यावर होता, कारण त्यातलं बायकार्बोनेट अर्काला निळ्याकडे ओढतं. डिस्टिल्ड वॉटर घेतलं. अर्क सुधारला, पट्ट्या निळ्याच. अर्कात व्हिनेगरचे थेंब टाकले. पट्ट्या गुलाबी निघाल्या आणि सकाळपर्यंत पुन्हा निळ्या! वाळवायची जागा बदलली, अर्क आटवून पाहिला, गार पाण्यात काढून पाहिला. तीन आठवडे यातच गेले.

काल सहज पट्ट्यांच्याच कोऱ्या प्रिंटर कागदावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब सोडला आणि भिंगातून पाहिलं. बारीक बुडबुडे! कॅल्शियम कार्बोनेट कागदातच होतं. प्रिंटरचा कागद पांढराशुभ्र दिसावा, आरपार दिसू नये म्हणून ते भरतात. इतके दिवस मी अर्क आम्लारीच्या अंथरुणावरच पसरत होतो. शिवाय तपासायच्या आम्लातलं थोडं आम्ल कागदच खाऊन टाकत होता. पातळ केलेल्या व्हिनेगरला पट्टी जांभळ्यापाशी का अडायची, ते आता उमगलं.

फिल्टर पेपर म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तोच अर्क त्यावर वाळल्यावरही जांभळा राहिला! पीएच (आम्लतेचं माप: 7 च्या खाली आम्ल, वर आम्लारी) 2 ला लालबुंद, 7 पाशी जांभळा, 8-9 ला निळा, 11 कडे हिरवा, 12 च्या वर पिवळा. एकच पट्टी लालावरून निळ्यावर आणि परत अशी चारदा नेली, दर वेळी रंग परतला. हे बघत मी बराच वेळ बसून होतो. पिवळा पडलेला भाग मात्र आम्ल घालूनही नीट फिरत नाही. तिथे अँथोसायनिनच्या, म्हणजे कोबीतल्या रंगद्रव्याच्या, रेणूतलं कडं उघडतं आणि पुढे रेणूच मोडतो.

विकतच्या पट्ट्या घ्यायच्या तर रंग कागदाला रासायनिक बंधाने जोडलेल्याच घ्या. नुसत्या भिजवून वाळवलेल्या द्रावणात रंग सोडतात. माझ्याही सोडतात, म्हणून मी पट्टी बुडवत नाही, ड्रॉपरने थेंब टाकतो.

पुढचा बेत जास्वंदीच्या अर्काचा होता. पण हे लिहितानाच सुचलं: कागद अर्काचा रंग बदलतो, तर अर्कावरून कागद ओळखता येईल की! जुनी पुस्तकं पिवळी, ठिसूळ पडतात त्यामागे कागदावरची तुरटी आणि राळेची आम्लधर्मी प्रक्रिया हे मोठं कारण. कागदपत्रं जतन करणारे लोक असा कागद ओळखायला क्लोरोफिनॉल रेड या आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या रंगद्रव्याचं पेन वापरतात. आम्लधर्मी कागदावर रेघ पिवळी उमटते, आम्लारिधर्मीवर जांभळी. आपला कोबी हे काम करेल का?

जास्वंद थांबेल. रद्दीतल्या आठ कागदांवर एकेक थेंब टाकून ठेवलाय, आणि वर्तमानपत्रावरचा आत्ताच गुलाबीकडे झुकलाय.