दहाच्या आधी काही नाही

पुण्याचं नवीन टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. ही गोष्ट त्याआधीची, जुन्या टर्मिनलमधली. डिसेंबरातला शुक्रवार, दिल्लीचं ३.२० चं विमान, १८० सीटा फुल्ल, आणि गेटवर कंपनीतर्फे ड्यूटीला मी.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. गेटवरच्या स्क्रीनवर दिसते ती वेळ विमान सुटण्याची असतेच असं नाही. आम्हाला सांगायची परवानगी मिळालेली ती वेळ. त्या दिवशी ती आधी ४.१० झाली, मग ५.१५. म्हणजे उशीर एक तास पंचावन्न मिनिटं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे. पाच मिनिटं अलीकडेच कसं थांबलं, हे मी कुणाला विचारलं नाही. सहा तासांच्या वर उशीर 'अपेक्षित' असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. पण अपेक्षा कुणी करायची? कंपनीनंच. ती अर्ध्या-अर्ध्या तासाचीच अपेक्षा करत राहिली तर सहा तास कधी उगवतच नाहीत.

४.४० ला ड्यूटी मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. येणारं विमान सकाळीच कुठंतरी टेक्निकलमध्ये अडकलं होतं. साडेपाचपर्यंत ते पुण्यात उतरणार, पण त्यातला क्रू एफडीटीएलमध्ये जाणार, म्हणजे त्यांच्या ड्यूटीचे तास संपणार. पुण्यात स्टँडबाय क्रू नाही. मुंबईहून टॅक्सीनं निघणार होता. शुक्रवारची संध्याकाळ, एक्सप्रेस वे, खंडाळ्याचा घाट! पुण्यातलं शेंबडं पोरही सांगेल की दहाच्या आधी काही खरं नाही.

"मेसेज येईपर्यंत सहा वाजता असंच सांगायचं. ऑपरेशनल रीझन," मॅनेजर म्हणाला आणि ऑफिसात जाऊन बसला. अशा वेळी त्याला नेहमीच ऑफिसात काम निघतं.

गेटसमोर एक तिशीतला माणूस मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून व्हिडिओ काढत होता. नाव सांगा, आयडी दाखवा, तुम्हाला लाज नाही का. ओरडणाऱ्यांचा मला राग येत नाही, नऊ वर्षांत तो संपला. पण त्याच्यामागं वीसेक जण जमले होते. मी त्याला खांबाआड नेलं आणि हळूच सांगितलं, "सर, दहाच्या आधी काही नाही. दुसऱ्या कंपनीचं साडेसहाचं बघा." त्यानं तिथंच मोबाईलवर पाहिलं. तीन सीट शिल्लक, एकेक चौदा हजारांच्या वर. त्यानं एक घेतली.

मग त्याची बॅग. एकदा खाली गेलेली बॅग परत काढणं म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा. बोर्डिंग पास रद्द करा, सिक्युरिटीचा शिक्का रद्द करा, सीआयएसएफच्या रजिस्टरात नोंद, माणसाला एस्कॉर्ट करून बाहेर काढा. खाली लोडरला टॅग नंबर सांगा, तो ट्रॉलीवरच्या शंभरेक बॅगांत ती हुडकणार, आणि काळी बॅग असेल तर देवच वाली. एरवी पाऊण तास जातो. मी बावीस मिनिटांत केलं. तासभर आधी काउंटर बंद होतात, त्याच्या आत तो तिकडच्या रांगेत होता. जाताना त्यानं व्हिडिओ डिलीट केल्याचं दाखवलं.

परत आले तर पहिल्या रांगेत ते काका-काकू तसेच बसलेले. कोरेगाव तालुक्यातले. काका मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. मांडीवर भगव्या फेट्याची पिशवी. चुरगळेल म्हणून वरच्या कप्प्यातसुद्धा ठेवणार नव्हते, हे त्यांनी मला चेक-इनलाच सांगितलं होतं. पोराची शनिवारी सकाळी देहरादूनच्या लष्करी अकादमीत पासिंग आउट परेड, म्हणजे अधिकारी होऊन बाहेर पडायचा सोहळा. परेड झाली की खांद्यावरचे झाकलेले स्टार आईबापांनी उघडायचे असतात. दिल्लीत उतरून काश्मिरी गेटवरून रात्री दहाची बस धरायची, असा त्यांचा हिशोब.

"ताई, सहाला नक्की ना?" काकांनी विचारलं.

"हो काका, सहाला."

काकू म्हणाल्या, "आवं, त्या सांगत्यात ना. बसा."

आणि ते बसले. मी तेव्हा मनात काय म्हटलं ते नीट आठवतं. दोघांचे मिळून अठ्ठावीस हजार, हे कुठून देणार? हे मी त्यांच्या वतीनं परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारलं असतं तर कदाचित काकांनी शांतपणे कार्ड काढून दिलं असतं. कदाचित नसतंही.

सहाचे पावणेसात झाले, मग साडेसात, मग साडेआठ. उपम्याचे कप आले, गरम पाणी कमी पडलं. आठच्या सुमारास काका उठून आले. आवाज चढवला नाही. "बस गेली आता. ताई, तुमास्नी आधी ठावं होतं का?"

"नाही काका. आम्हालाही आत्ताच कळतंय."

पावणेदहाला क्रू आला. मी दिल्लीच्या एका सहकाऱ्याकडून टॅक्सीवाल्याचा नंबर मिळवून काकांना चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी दोन्ही हातांनी ती चिठ्ठी घेतली. १०.४० ला विमान हललं. म्हणजे दिल्लीत पाऊण-एक, पुढं अडीचशे किलोमीटर, डिसेंबरातली रात्र.

त्यांचा मोबाईल नंबर बुकिंगमध्ये होता. तो खासगी कामाला वापरता येत नाही. ते कारण मला त्या वेळी फार सोयीचं वाटलं.

रविवारी सुट्टी होती. मी परेडचा व्हिडिओ शोधून काढला आणि स्टार उघडायच्या वेळचं गर्दीचं दृश्य थांबवून थांबवून पाहिलं. साड्या, कोट, पगड्या, रडणाऱ्या आया. भगवे फेटे दोन दिसले. एकाचा चेहरा काकांचा नव्हता. दुसरा कॅमेऱ्याकडं पाठ करून उभा होता.