बर्फाखालच्या जमिनीची ऊब

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज सकाळी भेटणाऱ्या एका स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, जमिनीवर गुडघाभर बर्फ साचलेला असताना त्या जमिनीतून उष्णता कशी काढणार?" सारा जन्म दादरच्या घामट हवेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. गेल्या जानेवारीत स्वीडनमधील उप्साला येथे लेकीकडे जाईपर्यंत मलाही तो पडत होता.

बाहेर उणे 14 अंश तापमान असताना तिच्या घरात आम्ही अनवाणी वावरत होतो, कारण फरशीखालच्या नळ्यांमधून कोमट पाणी अखंड फिरत होते. कपडे धुण्याच्या खोलीत फ्रिजएवढे एक पांढरे यंत्र मंद घुमत उभे होते; जमिनीची उष्णता घरात आणणारा हा हीट पंप. जावयांनी त्याच्या पडद्यावरील आकडे दाखवले: अंगणातील 160 मीटर खोल बोअरमध्ये सोडलेल्या नळीतून वर येणारा द्रव 3 अंशांचा, तर परत खाली जाणारा 0 अंशाचा. काळ्या फोमने गुंडाळलेल्या नळीचा सांधा एके ठिकाणी उघडा होता. त्याला बोट लावले तर ते गारठले. एवढ्या थंड द्रवातून घराची ऊब निघते, हे पचायला मला दोन दिवस लागले.

उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. फ्रिज आतील पदार्थांची उष्णता ओढून बाहेर टाकतो, म्हणून त्याची मागची किंवा बाजूची भिंत गरम लागते. हीट पंपातही शून्याखालच्या तापमानाला उकळणारे एक रसायन बोअरमधील द्रवाची उष्णता शोषून वायुरूप होते, कॉम्प्रेसर तो वायू दाबून तापवतो आणि ती उष्णता घरातील पाण्याला मिळते. वीज लागते ती उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर तिची ने-आण करण्यासाठी; म्हणूनच एक युनिट विजेत साधारण तीन ते चार युनिट उष्णता घरात येते. कॉइलच्या हीटरमध्ये एका युनिटचे एकच युनिट मिळते.

कोकणातील आमच्या विहिरीचे पाणी पौषातल्या पहाटे कोमट लागे आणि वैशाखात गार. खरे तर पाणी फारसे बदलत नसे, बदलत असे ती हवा. दहा-पंधरा मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर, त्या जागेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. हवेतून उष्णता घेणारे हीट पंपही असतात व ते स्वस्त पडतात. परंतु घराला उबेची सर्वाधिक गरज असते, नेमकी तेव्हाच हवा सर्वांत थंड असते आणि त्यांच्या बाहेरील भागावर बर्फही धरतो. जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपाला या दोन्ही अडचणी येत नाहीत, हाच मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

ही कल्पना नवी नाही. लॉर्ड केल्व्हिन यांनी 1852 मध्ये हीट पंपाचे तत्त्व मांडले होते. 1973 च्या तेलसंकटानंतर स्वीडनने तेलाच्या भट्ट्यांना पर्याय शोधताना त्याचा पाठपुरावा केला. बोअर मारण्याचा खर्च मोठा असतो, हे मान्य करायलाच हवे. मात्र जमिनीतील नळ्या पन्नास वर्षे सहज टिकतात, आणि वीस-एक वर्षांनी यंत्र बदलले तरी बोअर तोच राहतो.

मुंबईला घर तापवण्याची गरज नाही. लेह, मनाली, श्रीनगर येथे मात्र हिवाळाभर बुखारीत, म्हणजे घर तापवण्याच्या शेगडीत, लाकूड किंवा कोळसा जाळला जातो व तो धूर लेकराबाळांच्या छातीत जातो. तेथे नवी शाळा किंवा रुग्णालय उभारताना खोदकामाची यंत्रे आलेलीच असतात; पाया भरण्यापूर्वीच हे बोअर मारून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.